आईच्या नावाने गेलेले निरोप

२ मार्च, रविवार

लावलं एकदाचं! वरच्या दोन खोल्यांचं बुकिंग आलं की पहिला मेसेज आपोआप, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुसरा, आल्यावर दुसऱ्या सकाळी तिसरा. सगळे आईच्या नावाने. खातं तिचं आहे, पाहुणे तिलाच ओळखतात.

आईला सांगितलेलं नाही.

दादा फोनवर म्हणाला, "लाव बिनधास्त, प्रूफबाई. कोण वाचतं ते?" मुद्रितं तपासून पोट भरणारी बाई सगळंच वाचते, हे त्याला कोण सांगणार!

आई एकेका उत्तराला तास लावते. 'या' लिहू की 'यावे'? तोवर पाहुणे दुसरं घर बघून मोकळे. साइटवाल्यांनी दोनदा ताकीद दिली – उत्तरं अशीच उशिरा आली तर तुमच्या खोल्या यादीत तळाला जातील. खोल्या रिकाम्या राहिल्या तर आई दिवसभर करणार काय? म्हणजे हे तिच्यासाठीच. असं लिहिते आहे खरी. अर्धंच खरं आहे. मलाही रोज तिच्या मागे लागायचा कंटाळा आला होता.

३ मार्च, सोमवार

कालचं एक लिहायचं राहिलं. मेसेज मी नव्याने लिहिले नाहीत. आईचे चार वर्षांचे जुने निरोप उघडले आणि त्यांतलीच वाक्यं उचलली. दहा मिनिटांचं काम – दुपार गेली.

"जिन्याची सातवी पायरी बोटभर उंच आहे, जपून. गवंड्याचं आणि माझ्या यजमानांचं भांडण झालं ते त्याच पायरीवर." बाबा! वर जाताना दर खेपेला त्या गवंड्याचा उद्धार करायचे. शेवटच्या वर्षी वर जाणं थांबलं, तर खालूनच करायचे.

"डावीकडची खोली मुलीची. दारामागे पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्या तेवढ्या पुसू नयेत." दादाच्या रेघेला गाठायला मी टाचा उचलायचे. आई डोक्यावर पट्टी दाबून म्हणायची, "टाचा खाली, ठमे!"

हे सगळं ती अनोळखी माणसांना सांगत होती. मला कधीच नाही. मला सांगायची गरज नव्हती म्हणून, की मी कधी बसलेच नाही म्हणून?

८ मार्च, शनिवार

"काल त्या जोडप्याला मी उत्तर दिलं होतं का गं?" आईने भाजी निवडता निवडता विचारलं.

"असेल की."

असेल! तिथेच सांगून टाकता आलं असतं. पण तिच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं वाटेल तिला. आणि मला वाईट ठरायचं नव्हतं. दुसरं कारण जास्त खरं.

१३ मार्च, गुरुवार

आईच्या फोनशेजारी एक छोटी वही आलीय. "कसली गं?" म्हटलं तर "किराण्याची." किराणा तर मी आणते.

१६ मार्च, रविवार

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सुटे परत देता देता आवाज खाली आणला. "आई बऱ्या आहेत ना? विसरायच्या आजाराचे डॉक्टर विचारत होत्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, पण..."

घरी आले. आई आंघोळीला गेली होती. वही उघडली – दुसऱ्याचं वाचू नये हे ज्यांना मी शिकवत फिरते त्यांनी आज मला बघायला हवं होतं. तिचं टपोरं अक्षर.

"शुक्रवार. पायरीबद्दलचा निरोप गेलाय. शब्द माझेच. लिहिल्याचं आठवत नाही."

"सोमवार. परत तसंच."

"बुधवार. दोन गेले. एकही आठवत नाही. मुलीला कळू द्यायचं नाही. गुरुवार, २० तारीख – डॉक्टर."

मी वेडंवाकडं लिहिलं असतं तर निदान तिला कळलं असतं, हे आपलं नव्हे. पण मी स्वल्पविरामसुद्धा तिचेच ठेवले!

१७ मार्च, सोमवार

दोनदा तोंड उघडलं. दोनदा चहा घेणार का विचारलं. भित्री.

१८ मार्च, मंगळवार

सांगितलं. वही वाचली तेही सांगितलं.

आई म्हणाली, "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपोआप फोन जोडायचं यंत्र आलं, तेव्हा साहेबांनी आम्हा ऑपरेटर बायकांना तीन महिने आधी बोलावून सांगितलं होतं. परके होते ते."

मला वर बघवेना. शाळेच्या ऑफिसातून घरचा फोन मागितला की कधी कधी तिचाच आवाज यायचा, "नंबर?" मी ओरडायचे, "आई!" तर तशाच कोरड्या आवाजात, "नंबर सांगा, ठमाबाई." ती खुर्ची गेली त्या दिवशी घरी येऊन काय केलं होतं तिनं? आठवत नाही. तेव्हाही बघितलं नसणार.

आणि मग हसायलाच लागली! "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे! अगं कारटे, दहा दिवस जीव टांगणीला लावलास!" दादाला फोन लावून त्यालाही झाडलं. "तू तर बोलूच नकोस, कोण वाचतं म्हणे! मी वाचत होते!" डॉक्टरांची गुरुवारची वेळ स्वतः फोन करून रद्द केली. यंत्र मी तिच्यासमोर बंद केलं. ती वही तिनं फाडली, बारीक बारीक तुकडे करून.

२१ मार्च, शुक्रवार

चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका बोटाने टाइप करणं चालू. मी ऑफिसला निघताना शेजारी टेकले, एक 'कृपया' घालून दिलं.

"'कृपया' काढ," मला म्हणाली. "पाहुणे आहेत ते, सरकार नाही."

मग बाबांचं आणि गवंड्याचं भांडण पूर्ण सांगितलं, दोघांच्याही आवाजात. चूक बाबांचीच होती! पायरीचं माप त्यांनीच दिलं होतं. ऑफिसला अर्धा तास उशीर झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि काही वाटलं नाही.

२६ मार्च, बुधवार

संध्याकाळी आईने फोन पुढे केला. सकाळी दहा चाळीसला पाहुण्यांना गेलेला लांबलचक निरोप. मी तेव्हा ऑफिसात होते. घरात ती एकटीच. यंत्र अठरा तारखेपासून बंद.

"छान लिहितं गं तुझं यंत्र," ती म्हणाली, थट्टा नव्हती. "अगदी माझ्यासारखं."

मी म्हटलं, "हो. शिकलंय आता."