हळदीचा भारलोप

२२ फेब्रुवारी २०२६, रविवार. कुरुंदा.

काल फोनवर नचिकेत म्हणाला, एका प्रश्नात दोन वर्षं अडकलोय. चिरंजीव पुण्यात सौरऊर्जेवर संशोधन करतात. प्रश्न काय, असं विचारलं. त्याने सांगितला. समजला नाही, पण त्यात लय कुठेतरी चुकली आहे हे लगेच ध्यानात आलं. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. चुकलेली लय मला झोपेतही ऐकू येते.

मुलगा अडला की वडिलांनी लक्ष घालायला हवं. संकल्प: आजपासून संशोधन.

सौ. विजयाला सांगितलं. ती म्हणाली, आधी मोरीचा नळ बघा. नळ हा संशोधनाचा विषय नाही.

२३ फेब्रुवारी

ऊर्जा, यंत्रं, पदार्थविज्ञान आणि गणित, प्रत्येकातला एकेक प्रश्न सोडवायचा. नचिकेत पाडव्याला येतोय. म्हणजे चोवीस दिवस. शाखेला सहा. पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: सूर्यावर हळद वाळवण्याची पेटी. आपल्याकडे हळद शिजवून पंधरा-वीस दिवस अंगणात उन्हात पसरतात. धूळ, शेळ्या, कोंबड्या. बिचारा सूर्य एवढ्या लांबून येतो आणि आपण त्याला अंगणात बसवतो.

२५ फेब्रुवारी

माझ्या काव्यवाचनाच्या ढालींचं काचेचं कपाट रिकामं केलं. ढाली पलंगाखाली. बाजारातल्या तातेराव वेल्डरने ते आडवं करून पाय लावले, आत चार जाळ्या बसवल्या. मग विचारलं, भोकं कुठं पाडू?

भोकं पाडायची नाहीत, म्हणालो. उलट जिथे फट दिसेल तिथे पुट्टी भर. उष्णता एवढ्या कष्टाने मिळवायची आणि भोकातून सोडून द्यायची? श्लोकातली एक मात्रा गळली तरी श्लोक पडतो.

तातेराव म्हणाला, "गुरुजी, ह्यात हळद वाळायची न्हाई, शिजंल."

हळद आधीच शिजवलेली असते, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने पुट्टीचा डबा उघडला. वेल्डिंगच्या धंद्यात मूलभूत विचाराला वेळ मिळत नाही.

२७ फेब्रुवारी

प्रेमदास आला होता. पलीकडच्या तांड्यावरचा, माझा जुना विद्यार्थी. त्याची आई नानीबाई हिच्या डोळ्याचं वसमतला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर ऊन आणि धूळ बंद सांगितली आहे. घरामागे तिचा स्वतःचा हळदीचा वाफा आहे. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, असा घरात कायदा. तिचं औषध, बांगड्या, लेकीचं माहेरपण, सगळं वर्षभर त्यातून. यंदा एक गोणी निघाली, शिजवूनही झाली. आता उन्हात बसून राखणार कोण?

मी म्हणालो, आण इकडे.

तो जरा घुटमळला. म्हणाला, "गुरुजी, आईचं एवढंच हाय."

मी म्हणालो, शास्त्राला थोडं आणि फार सारखंच. त्याने पेटीभोवती एक चक्कर मारली, आणि हवा कुठून जाईल ते विचारलं. शाळेतही तो असेच प्रश्न विचारायचा.

विजया दारात उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, तुम्हाला नक्की जमेल ना? तिचा दृष्टिकोन वैज्ञानिक नाही.

१ मार्च, रविवार. सकाळी १०

पेटी भरली. वजन बत्तीस किलो.

सकाळी ११

तासाभरात काच आतून धुक्याने भरली. थेंब ओघळू लागले. मी भारावून गेलो. लगेच सुचलं:

काचेवर दव, दवात सूर्य, सूर्यात हळदीची कांती;
वृद्ध साधकाच्या हृदयी आज उगवली शांती.

दुसऱ्या ओळीत मात्रा कमी पडतात. उद्या बघू.

३ मार्च

काच अजून रडते आहे. पेटीला किंचित आंबूस वास. आशादायक. वजन साडेएकतीस. संशोधनात सुरुवात नेहमी मंद असते.

विजयाने विचारलं, दुपारी काच जरा उचलून ठेवू का? मी स्पष्ट नाही म्हणालो. मग तिने विचारलं, दुपारी तुम्ही किती वेळ झोपता? मी झोपत नाही. बारा ते चार चिंतन असतं. आडवं होऊन होतं, एवढंच.

४ मार्च

ब्रेकथ्रू! संध्याकाळी काच स्वच्छ. हळकुंडांच्या सालीला सुरकुत्या. पेटीने सूर पकडला.

तक्रार: चहा चारऐवजी सव्वाचारला मिळाला. विजयाला धाप लागली होती. हात पिवळे. विचारलं तर म्हणाली, भाजी केली. हल्ली भाजीत हळद फार वापरते. चवीला मात्र जाणवत नाही.

६ मार्च

वजन सत्तावीस. पेटीबद्दल काळजी उरलेली नाही, म्हणून गणिताकडे वळलो.

लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. मग तीन मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? तीन. चार मात्रांची? पाच. पाच मात्रांची आठ, सहांची तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज! दोनदा मोजलं. नचिकेतला फोन केला.

तो म्हणाला, बाबा, हे फार छान आहे, पण हे जगाला माहीत आहे. आपल्याच छंदशास्त्रवाल्यांनी हजारेक वर्षांपूर्वी याच रीतीने मोजलं होतं.

म्हणजे माझा शोध हजार वर्षं आधीच चोरीला गेला. तक्रार कुणाकडे करणार? तरीही गणित ही शाखा पूर्ण झाली असं धरतो.

७ मार्च

नचिकेतने कुरिअरने एक यंत्र पाठवलं. जाळ्यांखाली ठेवायचं, म्हणजे वजन आणि तापमान दर पाच मिनिटांनी आपोआप मोबाइलवर. इकडे मला दिसतं, तिकडे त्याला. माझ्या निष्कर्षांची पुण्यात दखल घेतली जातेय. प्रेमदासने बसवून दिलं.

८ मार्च. संध्याकाळी ५

चष्मा दोनदा पुसला.

आलेख बघितला. दुपारी सव्वाबारा वाजेपर्यंत वजन चोवीस किलो. सव्वाबाराला अठरा. मग बारा. मग सहा. साडेबाराला शून्य. चार वाजेपर्यंत शून्य. मग पुन्हा साडेपाच, अकरा, साडेसोळा. सव्वाचारला बावीस.

ऐन उन्हाच्या वेळी हळद वजनरहित होते. ऊन उतरलं की वजन परत येतं, पण थोडं कमी. तेवढंच ऊर्जेत गेलं, हे उघड आहे. यंत्र चुकतं म्हणावं तर चुकीला एवढी शिस्त नसते.

नाव ठेवलं: सौर भारलोप. पदार्थविज्ञान ही शाखाही पूर्ण.

९ मार्च

आजही तसंच. साडेबारा ते चार शून्य.

नचिकेतला फोनवर सगळं समजावलं. त्याने फक्त विचारलं, पेटीत जाळ्या किती? अशा शोधानंतर माणूस तपशील विचारणारच. मग म्हणाला, आई कुठे आहे? तिला फोन दिला. ती गच्चीवर गेली आणि पाऊण तास बोलली. विषय बहुधा भारलोपच.

खाली आल्यावर तिचे डोळे ओले होते, पण हसत होती. नचिकेतने माझ्यासाठी निरोप ठेवला होता, की बाबांनी हे इतक्यात कुणाला सांगू नये. बरोबर आहे. गणिताच्या वेळचा अनुभव ताजा आहे.

१० मार्च

तातेरावच्या दुकानासमोर सांगितलं. फक्त सहा-सात माणसं होती. तातेरावने मान्य केलं की असं त्याने कधी ऐकलं नाही. प्रेमदास म्हणाला, तांड्यावरचा वसराम विचारून राहिला की पुढल्या साली सगळ्या तांड्याची हळद गुरुजींकडं आणायची का. मी व्हय म्हणालो.

विजयाला ही आनंदाची बातमी सांगितली. ती भिंतीला टेकून खाली बसली. गुडघ्याला लावायचं मलम आणा म्हणाली. गुडघे दुखतात तर गच्चीवर कशाला जातेस, असं मी विचारलं. सांडगे घातलेत म्हणे. सांडगे अजून पानात दिसलेले नाहीत.

११ मार्च

एक शंका मनात आली. एवढ्या नाजूक प्रक्रियेत कोणी काच उघडली, तर? शेजारची पोरं, मांजर. तातेरावकडून कडी बसवून घेतली आणि कुलूप लावलं. किल्ली जानव्याला. चिंतनातही छातीवर राहील.

विजयाने किल्ली मागितली. आतून पुसायचं म्हणे. प्रयोगाला हात लावू नये, असं सौम्यपणे सांगितलं. ती म्हणाली, अहो, आजचा दिवस तरी. मी कूस बदलली.

१२ मार्च

भारलोप झाला नाही. वजन दिवसभर साडेएकोणीस.

१३ मार्च

साडेएकोणीस. काच पुन्हा धुकट. दव परत आलं याचा आनंद आहेच. विजयाने सकाळी, दुपारी आणि रात्री किल्ली मागितली. तिला इतकी वैज्ञानिक उत्सुकता कधीपासून?

१४ मार्च

साडेएकोणीस. यालाच समतोल म्हणत असावेत. वास वाढला आहे. फोनवर नचिकेतने नमस्कारही केला नाही. "बाबा, आईला किल्ली द्या" एवढंच म्हणाला. पुण्यात राहून माणसं तुटक होतात.

१५ मार्च, रविवार. दुपारी

भारलोपाचं एक पर्यायी स्पष्टीकरण आज पुढे आलं.

जेवण झालं. मी आडवा झालो. विजया आत आली आणि उशाशी उभी राहिली. म्हणाली, "हळद दुपारी कुठेही नाहीशी होत नाही. मी गच्चीवर नेते. चार खेपा वर, चार खाली, चार तारखेपासून. तुमचा नचिकेतसमोर पोपट होऊ नये म्हणून बोलले नाही. पण ती हळद तुमची नाही, नानीबाईची आहे. किल्ली द्या."

मी विचारलं, आणि यंत्र बसवल्यावर? ती म्हणाली, ते वजन सांगतं हे मला कुठे माहीत होतं. नचिकेतने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं.

किल्ली दिली.

वरच्या तीन जाळ्या ओलसर, पण बऱ्या. तळाच्या जाळीवर पांढरी लव आली होती, आणि तिच्याखाली हळकुंडं काळी. विजयाने एक उचलून वास घेतला आणि परत ठेवलं. ती काहीतरी म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१६ मार्च

विजयाचा गुडघा सुजून नारळाएवढा. डॉक्टरांनी जिना बंद केला.

हळद मी वर नेली. प्रत्येक जाळीला मधल्या वळणावर बसावं लागलं. दुपारभर वर बसून हळद उलटीपालटी करायची असते, हे तिने खालून ओरडून सांगितलं. माझ्या सगळ्या कवितांत दुपार रणरणती असते. ती खरोखरच रणरणती असते.

काळी हळकुंडं वेगळी पसरली. वाळली तर कदाचित उजळतील.

१८ मार्च

उजळली नाहीत. तातेराव रस्त्यावरून ओरडला, "गुरुजी, मशीन वर चढवली का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. विजयाने दारातून त्याला सांगितलं, हो, बिनभोकाची आहे, उन्हात बसवलीय. माझ्या बाजूने बोलली की नाही, ते ठरवता आलं नाही.

१९ मार्च. पाडवा

नचिकेत सकाळी आला. पिशवी ठेवली, आईचा गुडघा बघितला आणि सरळ गच्चीवर गेला. सगळी हळद एकट्याने उलटली. मी भारलोपाचा विषय काढला नाही. त्यानेही नाही. त्याचा तो दोन वर्षांचा प्रश्न कुठवर आला, असं विचारलं. म्हणाला, तिथेच आहे. पहिल्यांदाच मला त्यात लय शोधावीशी वाटली नाही.

गुढीला पाट कुठे ठेवायचा, यावर मात्र आमचं रीतसर भांडण झालं.

२२ मार्च, रविवार

हळद वाळली. हळकुंड मोडलं की टक् वाजतं.

नानीबाई आली. काळा चष्मा, डोक्यावर पदर, प्रेमदासचा हात धरून. अंगणात चटईवर मी सगळी हळद, काळीसकट, ओतली. तिने सूप मागितलं आणि काळी हळकुंडं एकेक वेचू लागली. मी विजयाला हळूच म्हणालो, दिसत नसेल तिला नीट. दोन सुपं भरली. डोळा उत्तम झालेला आहे.

मग तिने चांगल्या ढिगावर हात ठेवून विचारलं, "ही कोनी वाळवली?"

विजयानं, मी म्हणालो.

"आन् ही?"

पेटीने, असं म्हणणार होतो. तातेरावही मुद्दाम येऊन उभा होता. प्रेमदास खाली बघत होता, शाळेत मी कुणाला रागावत असताना बघायचा तसा.

"मी," म्हणालो.

तिने सूप बाजूला सारलं. तेवढी भरपाई आमच्या घरातून देतो, असं मी म्हणालो. तिने मानेनेच नको म्हटलं. आमच्या घरात पुडीची हळद असते, हे तिला माहीत असावं. प्रेमदासला चांगली हळद गोणीत भरायला लावली. लेकीला यंदा लुगडं न्हाई, खण देईन, म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, अशीच.

जाताना विजयाचा सुजलेला गुडघा दाबून बघितला, आणि पुढल्या साली हळद अंगणातच वाळवू, तुमी फक्त येऊन बसा, असं तिला सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

"गुरुजी, माझ्या पोराला तुमी वाचायला शिकवलं. ते बराबर शिकवलं."

गेली.

नचिकेतला दाखवायचं म्हणून सकाळीच मी पेटीची काच पुसून लख्ख केली होती. दोन वाजता तो वसमतच्या जीपने परत गेला. पेटीबद्दल कोणीच काही विचारलं नाही.