विटकरी गळ्याची पाहुणी

४ एप्रिल, मंगळवार

चिमणी चालते का? नाही चालत! टुणटुण उड्या मारते. पन्नास वर्षं बघतेय. आणि आज दुकानाच्या मागच्या मोकळ्या प्लॉटात एक चिमणी चक्क चालत होती — एकापुढे एक पाय टाकत, मंडईत भाव विचारत फिरणाऱ्या बाईसारखी. मध्येच थांबायची, मान उंच करायची, पुन्हा चालायला लागायची. मी बघत राहिले आणि गिऱ्हाइकाच्या डब्यात पिवळ्याचे दोन थेंब जास्त पडले. बावीस वर्षं या दुकानात रंग कालवतेय, असं कधी झालं नव्हतं. मालक म्हणाले, "बाई, लक्ष कुठाय?" म्हटलं, "चिमणी चालतेय." ते जरा माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच चहा सांगितला.

५ एप्रिल, बुधवार

चिमणी नाहीच ती! अंगावर तशाच पिंगट रेघा, पण चोच बारीक, सुईसारखी. आणि गळा! गळा, गाल, छातीचा वरचा भाग — सगळं विटकरी. लाल नव्हे, गुलाबी नव्हे, विटकरी. मागच्या दारात शेडकार्ड घेऊन उभी राहिले, एक डोळा मिटला, हात लांब केला आणि एकेक पट्टी तिच्या शेजारी धरून बघितली. ४१६ जरा तपकिरीकडे जाते. ४१७ बरोबर! जेवणघराच्या भिंतीला लोक फार नेतात तीच.

मालक: "पक्ष्याला रंग द्यायचाय का?"

संध्याकाळी भाऊजींना फोन केला. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. पक्षी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिपाईवरची मोठी दुर्बीण, आणि आजवर बघितलेल्या पक्ष्यांची यादी — तीनशे अठ्ठ्याऐंशी! पक्षीमित्रांच्या गटाचे चिटणीसही तेच. कुणी नवीन पक्षी बघितला म्हटलं की नोंद धरायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. म्हणाले, "वहिनी, चिमणीच असणार. दमली असेल, म्हणून चालत असेल." हे शेजारी बसून खो खो हसले. हसा म्हणावं.

६ एप्रिल

आहे! अजून आहे! गळक्या पाइपाजवळच्या ओल्या गवतात, सकाळी दहा वाजता.

७ एप्रिल, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत वाचनालयातून पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणलं. सापडली! तिरचिमणी म्हणतात हिला. नावात चिमणी आहे, म्हणजे मी अगदीच काही वेडी नाही. पण तिरचिमण्या ढीगभर प्रकारच्या आणि सगळ्या एकसारख्या. साधी दरवर्षी येते. दुसरी लाल कंठाची, ती इकडे क्वचितच, लांबच्या प्रवासात वाटेवर चार दिवस टेकते. दोघींत फरक काय? तर मुख्य म्हणजे गळा!

भाऊजींच्या गटाच्या यादीत अजून कुणाच्याच नावावर नाही ती. मला दुकानात नाचावंसं वाटलं. नाचले नाही, कारण हातात प्रायमरचा डबा होता.

९ एप्रिल, रविवार

भाऊजी आले. प्लॉटाच्या कडेला तिपाई रोवली, दोन मिनिटं बघितलं. "तिरचिमणी आहे. साधी. पण वहिनी, चालण्यावरून ओळखलंत म्हणजे कमाल आहे हं."

म्हटलं, "आणि गळा?"

"मातकट आहे की."

मातकट?! मी डोळा लावला. दुर्बिणीत तो गळा ताटलीएवढा दिसत होता आणि विटकरी, अगदी विटकरी! खिशातून ४१७ची पट्टी काढून त्यांच्या नाकासमोर धरली. ते म्हणाले, "हो, हाच रंग. मातकट." तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ज्या डोळ्यांवर पोट भरलं, त्या डोळ्यांना हा माणूस तोंडावर खोटं पाडतोय! भाऊजी पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेले तेवढ्यात मी दुर्बिणीला मोबाइल टेकवून फोटो काढला. छान आला.

दुपारी त्यांनी गटावर लिहिलं — 'वहिनींची चालणारी चिमणी म्हणजे साधी तिरचिमणी. प्रयत्न स्तुत्य.' खाली सतरा जणांचे हसरे चेहरे. प्रयत्न स्तुत्य म्हणे!

१० एप्रिल

फोटोची मोठी प्रत काढून आणली. शनिवारी गटाची बैठक आहे. टेबलावर फोटो ठेवायचा आणि एक शब्द न बोलता बसायचं. (हे म्हणतात, फोटोचं जमेल, एक शब्द न बोलण्याचं जमणार नाही.)

१२ एप्रिल, बुधवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

भाऊजी दुकानात आले. फाटकाला मागचाच रंग हवा होता, पण जुन्या डब्यावरचा नंबर पुसला गेलेला. मी अजून फुगलेलीच होते, एका अक्षरानं जास्त बोलले नाही. फाटक मला तोंडपाठ आहे, हिरवं आहे. पण गेल्या खेपेला त्यांनी गडद हिरवा नेला होता की फिका, ते आठवेना. फळीवर दोन फटकारे मारले. तिसरा आपोआप पडला — आधीच्या गिऱ्हाइकाचा तपकिरी ब्रश चुकून हातात आला. फळी पुढे सरकवली. "यातला कुठला?"

ते फळीकडे बघेनात, माझ्या तोंडाकडे बघायला लागले. "तुम्हीच ठरवा, वहिनी. तुमच्यावर सोडलं."

"बोट दाखवायला काय होतंय, भाऊजी?"

त्यांनी बोट ठेवलं. तपकिरीवर.

फळी मी हळूच मागे ओढली. आमच्याकडे पूर्वी एक शिंपी यायचे, त्यांना लाल, हिरवं, तपकिरी सगळं सारखंच दिसायचं, दोऱ्याची रिळं त्यांची बायको काढून द्यायची. भाऊजी नेहमी पट्टीच्या मागचा नंबर वाचून रंग नेतात. आमच्या लेकीच्या लग्नात एका पायात हिरवा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून आले होते. किती हसलो होतो आम्ही! तेही हसले होते, सगळ्यांत मोठ्यानं.

अंदाजानंच गडद हिरवा कालवला, डबा दिला. म्हटलं, "हाच होता तो." ते गेल्यावर मागच्या दारात जाऊन उभी राहिले. तीनशे अठ्ठ्याऐंशी पक्षी, आणि रंगाची अर्धी पेटीच बंद! चालीवरून, आकारावरून, आवाजावरून ओळखले असणार सगळे. माझ्या डोळ्यांचं कौतुक त्यापुढे काय? राग कुठल्या कुठे गेला.

पण पक्षी माझा खरा आहे! त्याचं काय? फोटो टेबलावर ठेवला तर पहिला प्रश्न हाच येणार — चिटणीस, एवढ्या मोठ्या दुर्बिणीतून तुम्हाला हे दिसलं नाही? नाही ठेवला तर ती साधीच राहणार, आणि मी चिमणीवाली वहिनी, जन्मभर.

१३ एप्रिल

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर हे भावाला मिठी मारायला धावतील आणि जाता जाता चार घरी सांगतील. पक्षी अजून आहे. काम धड होत नाही.

१५ एप्रिल, शनिवार

बैठक झाली. पर्समध्ये फोटो होता. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. गटातले एक सेवानिवृत्त मास्तर म्हणाले, "काय वहिनी, चिमणी चालते का अजून?" सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत.

मी म्हटलं, "माझंच चुकलं असेल. गळ्यावर ऊन पडलं होतं."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मला तापच आलाय. लग्नाला एकतीस वर्षं झाली, 'माझं चुकलं' हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. नंतर चहा झाला, गप्पा झाल्या, माझं कशातच चित्त नव्हतं. घरी येऊन न्हाणीघरात रडले. हो, रडले! चांगलं केलं की मूर्खपणा, मला कळत नाही. एवढासा पक्षी, पण आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी सगळ्यांच्या आधी बघितलं होतं.

१६ एप्रिल, रविवार

सकाळी सात वाजता भाऊजींचा फोन. प्लॉटातून! उजाडल्यापासून तिथं बसले होते, दुर्बीण न घेता, डोळे मिटून. ती उडाली आणि ओरडली. "लांब, बारीक आवाज, वहिनी, आणि शेवटी विरून जातो. साधीचा तसा नसतो. लाल कंठाचीच आहे ती. आवाजात माझी चूक होत नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाले,

"मला लाल दिसत नाही. शाळेपासून. दादालासुद्धा माहीत नाही. काल तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ना?"

म्हटलं, "हो." त्यांनी सांगितलं की गटावर सगळं लिहून टाकलंय, नोंद माझ्या नावानं केलीय, आणि पहाटे स्वतःची यादी काढून त्यातल्या एकसष्ट पक्ष्यांपुढे स्वतःच्या हातानं प्रश्नचिन्ह घातलंय.

"हे एकसष्ट आता तुम्ही बघून सांगायचे. कधी निघू या?"