२१७ नंबरचं पाकीट

३ फेब्रुवारी
आजपासून ऑपरेशन थिएटरचं स्टोअर माझ्या ताब्यात! खोली लहान, पण भरपूर उजेडाची. बावीस वर्षं इथे असलेल्या सिस्टर तीन महिन्यांपूर्वी वारल्या. कप्प्याकप्प्यावर त्यांच्या डावऱ्या हाताच्या तिरक्या चिठ्ठ्या आहेत. मला नीटनेटकेपणाचं वावडं, म्हणून बायको हसून बेजार. मुख्य काम हर्नियाच्या पॅचचं. मेलेल्या माणसाने दान केलेली कातडी धुऊन तिच्यातल्या पेशी काढून टाकतात, उरते नुसती जाळी. ती पोटात शिवली की पेशंटचं स्वतःचं मांस तिच्यात भरतं. घर रिकामं, भाडेकरू तुम्हीच, असं डॉक्टर म्हणाले. दात्याच्या नंबरचं एक स्टिकर पेशंटच्या फाइलवर, एक माझ्या रजिस्टरात. माझाही हर्निया ते याच महिन्यात उरकणार आहेत.

१० फेब्रुवारी
हर्नियाच्या ऑपरेशननंतर तपासणीला आलेला एक बसड्रायव्हर थेट स्टोअरमध्ये शिरला आणि गॉजचे गठ्ठे चुकीच्या कप्प्यात ठेवले म्हणून मलाच झापून गेला. चिठ्ठी पाहिली, तर त्याचंच बरोबर. हसू आलं.

१३ फेब्रुवारी
आज एक शिक्षिका. तिचंही ऑपरेशन इथलंच. स्टूल खिडकीपाशी ओढून बसली आणि घड्याळ कोणी हलवलं, विचारू लागली. मनात शंकेची पाल चुकचुकली. रजिस्टर काढलं. दोघांचा दाता एकच, २१७. थिएटरच्या मावशींना खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, सिस्टरनीच कातडी दान केली होती. स्टोअर सोडवत नव्हतं बिचारीला.

१७ फेब्रुवारी
सगळं धुतलेलं असतं, उरणार काय, म्हणत डॉक्टरांनी मला उडवून लावलं. २१७ चं एकच पाकीट शिल्लक होतं, ते तळाच्या खणात कुलूपबंद केलं. उद्याच्या माझ्या ऑपरेशनसाठी ३०४ चं पाकीट स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये ठेवलं. जिवात जीव आला.

१९ फेब्रुवारी
ऑपरेशन छान झालं म्हणे. फाइल मागवली. स्टिकर २१७ चं. मावशी सांगतात, काल सकाळी तो ड्रायव्हर ट्रे आवरत होता. किल्ली कुठे असते ते त्याला कसं —

२४ फेब्रुवारी
दुखत नाही, तेच वाईट. आत काहीतरी — ऐसपैस बसतंय. बायको विचारते, चादरीचे कोपरे दुमडायला कधी शिकलात. आणि चमचा डाव्या हातात का.

२७ फेब्रुवारी
पॅच काढा म्हणून डॉक्टरांच्या पाया पडलो. तो आता वेगळा राहिलाच नाही म्हणतात. भीती वाटते. बायकोचं नाव आठवायला आज — वेळ लागला —

१ मार्च
कामावर. कोणीतरी कप्प्यांचा पार उकिरडा केलाय. घड्याळ जागेवर लावलं. दारात एक बाई डबा घेऊन उभी आहे. मला अहो म्हणते, रडते. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, बावीस वर्षं हेच सांगत आलेय मी, तरी ही माझा हात —