पलंगाच्या पोटातलं बोचकं

शनिवार, ४ जुलै

आले एकदाची. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं, तरी ‘आले गं’ म्हणाले. सवय, दुसरं काय.

घर म्हणजे एक खोली, तिला चिकटलेला ओटा आणि कोपर आपटल्याशिवाय अंघोळ होणार नाही असं न्हाणीघर. तिसरा मजला. तळाला लाँड्री आहे, तिची वाफ दिवसभर जिन्याने वर चढते, त्यामुळे भिंतींना कायम घाम. हात टेकवला की ओला होतो. मला त्याचं काही नाही. सोमवारपासून मी दातांच्या लॅबमध्ये प्लास्टर कालवणार, साचे ओतणार, मेणात दात बसवून लोकांच्या कवळ्या करणार. ओल्याला घाबरून माझं कसं चालेल?

बाबा गेल्यापासून आम्ही दोघी मामाकडे होतो. मी आत मामेबहिणींच्या खोलीत, आई हॉलमधल्या सोफ्यावर. इतकी अंग चोरून झोपायची, की सकाळी चादरीला सुरकुती नसे. सकाळी बेल वाजली की मी कूस बदलायच्या आत तिचं ठरलेलं वाक्य यायचं, तू झोप, मी उघडते दार. ते ऐकतच मी पुन्हा झोपायची. आता तिला इथे आणायचं. पलंग आला की लगेच, असं कबूल करून निघाले.

तिने आपलं बोचकं माझ्याबरोबर पाठवूनही दिलं. आईची पद्धतच आहे ती. कुठेही राहायला जायचं तर बोचकं आधी, माणूस मागून. बोचकं जिथे ठेवलं ती आपली जागा, म्हणते. मामाकडे आलो तेव्हा आदल्या दिवशी बोचकं सोफ्यावर जाऊन बसलं होतं, म्हणून ती सोफ्यावर.

रविवार, ५ जुलै

पलंग घ्यायला गेले. ठरवून गेले होते की घडीच्या दोन खाटा घ्यायच्या, एक तिला, एक मला. दुकानदार मोठा हौशी. प्रत्येक पलंगावर स्वतः बसून उसळून दाखवत होता.

घराची ओल सांगितली तर त्याने माझी शाळाच घेतली. भुसा दाबून केलेल्या फळीचा पलंग घेऊ नका, ओल लागली की फुगतो. चांगल्या प्लायचा घ्या. गादीखाली सलग फळी नको, पट्ट्या हव्यात. खालच्या कप्प्याला मागून भोकं हवीत. भिंतीला चिकटवायचा नाही, मधून हात जाईल एवढी फट सोडायची. दर रविवारी झाकण उघडून ठेवायचं. आत दमट काही ठेवायचं नाही आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून तर मुळीच नाही. कपड्यांनाही श्वास लागतो हो, म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग त्याने एका पलंगाचं झाकण एका बोटाने उचललं. गादीसकट अख्खा वरचा भाग अलगद वर गेला आणि खाली हे एवढं पोट. माझे कपडे, पुस्तकं, भांडी, सगळं गडप होईल असं. मी बघतच राहिले. त्याने विचारलं, घरात माणसं किती. तोंडातून निघून गेलं, एकच.

हा पलंग लागला की दुसरी खाट मावत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. मी काय आंधळी आहे? पण मला एकटीला राहायचं होतं. थोडे दिवस तरी. लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

गुरुवार, ९ जुलै

पलंग आला. खोलीत तोच दिसतो, बाकी सगळं त्याच्याकडे पाहुणं आल्यासारखं. भिंतीपासून फट सोडून मांडला. कप्प्यात खाली सुती चादर अंथरली, चार कोपऱ्यांत कोळशाचे तुकडे ठेवले. सगळं सामान आत गेलं. बोचकं तेवढं बाहेर राहिलं. दिवसभर माझ्याकडे बघत होतं, म्हणून शेवटी तेही आत टाकलं.

टाकण्याआधी सोडून पाहिलं. तिची उशी, शाल, हातआरसा आणि गोल डबीत जुनी कवळी. शिकत असताना मी केलेली पहिली कवळी ती. पुढचा एक दात जरा मोठा झालाय. आई तो दाखवून सगळ्यांना सांगायची की लेकीने मला तिचंच हसू दिलं. नंतर मी चांगली करून दिली, तरी ही जपून ठेवली आहे.

रात्रीचं जेवण होतं न होतं तोच तिचा फोन. पलंग आला का? मी त्याच पलंगावर पाय पसरून बसले होते. म्हणाले, नाही अजून, दुकानदार नुसता टोलवतोय. ती म्हणाली, येईल गं, घाई करू नकोस बिचाऱ्याला.

रविवार, १२ जुलै

सगळं दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे. झाकण उघडं ठेवलं, पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या, कोळसा बदलला. माझे कपडे कोरडे ठणठणीत. बोचकं मात्र दमट, आणि तेही आतून. आईच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. पंख्याखाली ठेवलं, तरी वाळेना.

आईची नवी कवळी पडून तडकली. जुनी पाठवशील का, म्हणाली. दात नसल्यामुळे ‘स’चा नुसता वारा येत होता. मी उद्या पाठवते म्हणाले.

एकटीने राहणं फार छान आहे. हे वाक्य लिहून दोनदा खोडलं, मग तसंच ठेवलं.

शनिवार, १८ जुलै

कवळी पाठवायची राहिली. लॅबमध्ये काम अंगावर पडलंय, मालक वाटले होते तेवढे देवमाणूस नाहीत. पण खरं सांगायचं तर पोस्ट लॅबच्या शेजारीच आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात दात बसवते आणि सख्ख्या आईला पेज पाजतायत तिकडे.

मामाचा फोन आला. तिला खोकला धरलाय, रात्रभर खोकते, मुलींची झोप होत नाही. कधी नेतेस, असं सरळ विचारलं. मी म्हणाले, इथे फार ओल आहे, तिच्या छातीला बाधेल. ओल आहेच की. एक शब्द खोटा नव्हता. तरी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ कान गरम होते.

बोचकं आता ओलंच झालंय. इतर कशाला ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि तोंड घट्ट बांधलं. दुकानदार नको म्हणाला होता, माहीत आहे. पण तो वास मला सोसेना.

मंगळवार, २१ जुलै

आईचा फोन. दोन दिवस जीव कोंडल्यासारखा होतोय म्हणे. हसत सांगत होती, अगदी कोणी तोंडावर पिशवी बांधल्यासारखं.

फोन ठेवून झाकण उघडलं. पिशवी आतून पांढरी झाली होती. काचेवर श्वास सोडल्यावर होते तशी. आणि ती हलत होती, आत जायची, फुगायची. कप्प्याच्या भोकांतून वारा येत असणार. मी पिशवी फाडून काढली. सगळं आवरून आईला फोन केला, तर म्हणाली, आत्ताच जरा मोकळं वाटलं बघ.

योगायोग असतात. पण उद्या कवळी नक्की पाठवायची.

रविवार, २६ जुलै

सकाळी बेल वाजली. मी पलंगावरच लोळत होते. वाटलं, लाँड्रीवाल्या काकू असतील, वाफेबद्दल तक्रार केली म्हणून भांडायला आल्या असतील. परत वाजली. मी कूस बदलली आणि झोपले.

दुपारी झाकण उचलायला गेले तर उचलेना. एका बोटाने उचलायचं झाकण दोन्ही हातांनी जेमतेम हललं. यंत्र बिघडलं असेल. ओलीने गंजलं असेल. दुकानदाराला सांगायला हवं.

संध्याकाळी मामाचा फोन. आई भल्या सकाळी घरातून निघून गेली. मामीला एवढंच म्हणाली, लेकीकडे जाते, माझं बोचकं तिथेच आहे. पोचली का, मामा विचारत होता.

मी नाही म्हणाले.

सोमवार, २७ जुलै

दिवसभर शोधलं. बसथांबे, दवाखाने, पोलीस. लाँड्रीवाल्या काकूंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, ही बाई काल सकाळी वर गेली, खोकत खोकत, कठड्याला धरून. आम्ही चहा देऊ केला तर म्हणाली, लेक देईल. परत उतरताना पाहिलं का, विचारलं. नाही पाहिलं म्हणाल्या.

वर माझं एकच घर आहे.

मंगळवार, २८ जुलै

कामावर गेले नाही. सकाळपासून पलंगाखालून खोकला येतोय. खालून नाही, आतून.

सगळा जोर लावून झाकण उचललं. आत कोणी नव्हतं. पण सामान बाजूला सारलेलं, माझे कपडे एका कडेला नीट रचून. मध्ये आईची उशी, वर शाल पसरलेली, आणि उशीला खळगा. चादरीला सुरकुती नाही. गोल डबी उघडी होती. आत कवळी नव्हती.

झाकण हातातून सुटलं. बंद झाल्यावर आतून कोणी तरी बोललं. मला काही त्रास नाही गं, म्हणाली. भरपूर जागा आहे. झाकण नीट लाव, तुझ्या गादीला ओल लागेल. एकेक अक्षर स्वच्छ, ‘स’सुद्धा. तोंडात दात असल्यासारखं.

मी जमिनीवर बसून रडले. आई, चुकलं, म्हणाले. ती म्हणाली, वर बस, फरशी गार आहे.

बुधवार, २९ जुलै

लिहायलाच हवं. रविवारी बेल वाजली तेव्हा काकू असतील असं मला वाटलं नव्हतं. खोकला ऐकू आला होता. ओळखला होता. मग दाराला हात टेकल्याचा आवाज, मग हाक, माझ्या लहानपणच्या नावाने. मी श्वास धरून पडून राहिले. ती आत आली की पलंग दिसेल, मग खोटं कळेल — एवढाच विचार. थोड्या वेळाने जाईल ती. नंतर सांगू, घरी नव्हते.

आत्ता आतून म्हणाली, होतं असं कधी कधी. झोप लागते माणसाला.

गुरुवार, ३० जुलै

मामाचा फोन. आई सापडली. जिवंत आहे. रविवारी आमच्या जिन्यात बराच वेळ बसून राहिली होती, मग लाँड्रीच्या मागच्या दाराने उतरून बसथांब्यावर गेली आणि तिथे चक्कर येऊन पडली. लोकांनी सरकारी दवाखान्यात नेलं. ताप होता, तोंडात दात नाहीत, नाव काय सांगते ते कोणाला कळेना. आता बरी आहे. मामाने फोन तिच्या कानाला लावला. तू बाहेर गेली असशील हे लक्षातच आलं नाही बघ माझ्या, म्हणाली. ‘स’चा तसाच वारा. माझ्यावर जरासुद्धा राग नाही. उद्या संध्याकाळी मामा तिला थेट इकडे आणतोय.

जीव भांड्यात पडला. पलंग गादीसकट तिला देईन, मी फरशीवर झोपेन. हवं तर पलंगच काढून टाकेन.

मग आतून खोकला आला.

आई तिकडे आहे. मामाशेजारी. मग ही —

शुक्रवार, ३१ जुलै

पलंग सरकवता येत नाही. दुकानदार फोन उचलत नाही. मामाला सांगितलं, आज नको आणूस. तो भडकला, किती दिवस हेच, म्हणाला. खरं काय सांगू त्याला. निघालेत ते.

ती विचारते, कोण येणार आहे? मी कोणी नाही म्हणाले. हसली. मोठ्या दातावर ओठ अडकतो तसं.

म्हणते, एकच माणूस ना इथे? तूच म्हणालीस दुकानात.

संध्याकाळ

जिन्यात पावलं. खोकला — बाहेर. मामाचा आवाज, हळू चढ म्हणतोय. आई म्हणतेय, आलं गं बाई माझ्या लेकीचं घर.

ओरडले. जा, परत जा. वाफेच्या त्या आवाजात खाली काही ऐकू —

बेल.

मी उठते. या वेळी मीच उघडणार, मीच — पाय हलत नाही. गादीच्या कडेवरून पदर धरलाय. ओला हात.

परत बेल. आई हाक मारतेय. लहानपणच्या नावाने.

झाकण वर येतंय. मी त्यावर बसलेय तरी, एका बोटाने उचलल्यासारखं —

ती म्हणते, तू झोप, मी उघडते दा