शंभर माणसं आणि एक निळा रफू

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरजावयासारखा ठाण मांडून बसलाय? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तुझी भावजय बरी आहे आणि मीही बरा आहे असं तीच मला सांगते. पत्र बघून तू म्हणशील, फोन असताना ह्याला हे काय सुचलं. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुसरं म्हणजे मागच्या महिन्यात त्या गुरुवारी मी तुझे तीन फोन लागोपाठ कापले आणि तेव्हापासून तू अबोला धरला आहेस. अगं, लाइव्ह चालू असताना फोन आला की चित्र थांबतं, आणि चित्र थांबलं की बघणारी माणसं पळतात. तो एकेक माणूस मी कसा जमवला ते वाच, म्हणजे तुझा राग जाईल. नाही गेला तर निदान माझ्यावरून उठून त्या लोकांवर तरी जाऊन बसेल.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काचेला लागून माझी खुर्ची, हे तुला नव्याने सांगायला नको. बाबांनंतर सव्वीस वर्षं मी तिच्यावर बसून लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवतोय. जुने मालक होते तोवर मला कोणी का बसलास म्हणून विचारलं नाही. ते गेले आणि धाकटे मालक आले. (हे कधी बसत नाहीत. उभ्यानेच येतात, उभ्यानेच चहा पितात आणि बोलताना आपल्याकडे न बघता फोनकडे बघतात.) त्यांना माझ्या जागी एक कपाट हवंय. गिऱ्हाइकानं आकडे दाबायचे, दार उघडतं, आपले कपडे आपण घ्यायचे आणि चालू लागायचं. कपाटाला चहा लागत नाही, ते रजा मागत नाही, आणि सारखं खोकतही नाही. मी गयावया केली. हो, केली, तुझ्यापासून काय लपवायचं. तेव्हा ते म्हणाले की काका, तीन महिन्यांत एका वेळी शंभर माणसं तुमचं काम लाइव्ह बघताना दाखवा, मग तुमची खुर्ची राहू दे, दुकानाची जाहिरात होईल. नाही जमलं तर कपाट.

आता मला सांग, ज्या कामाची सगळी अक्कल ते दिसू न देण्यात आहे, ते शंभर माणसांना दाखवायचं कसं? चांगला रफू म्हणजे काय, तर इथे रफू होता असं कुणी शपथेवर सांगितलं तरी खरं वाटू नये. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून विचारतं की अहो, भोक कुठे होतं, तेव्हा आमचं पोट भरतं. बघणाऱ्यांनी तासभर डोळे ताणायचे आणि शेवटी त्यांना काय दिसणार, तर काहीच झालेलं नाही!

पण गरज पडली की माणूस काय काय शिकतो. फोनवर एक बाई आहेत. नवशिक्यांनी शून्यातून प्रेक्षक कसे उभे करावेत ते त्या शिकवतात. बाईंचे स्वतःचे लाखभर प्रेक्षक आहेत, आणि ते सगळे माझ्यासारखे एकही प्रेक्षक नसलेले लोक आहेत. त्यांचं म्हणणं, वार आणि वेळ ठरवा आणि मोडू नका. मी गुरुवार दुपारचे चार ठरवले. तोंडावर उजेड हवा, म्हणून भाकरीएवढा गोल दिवा आणला. (त्या दिव्यात मी पंधरा वर्षांनी लहान दिसतो, असं इस्त्रीवाला म्हणाला. तुझी भावजय म्हणाली की पंधरा वर्षांपूर्वीही काही खास नव्हतात.) बघायला कुणी नसलं तरी बोलत राहा, गप्प बसाल तर संपलात, हाही बाईंचाच नियम. ताई, रफू करताना श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. एक धागा वरून, एक खालून, मोजणी चुकली की वीण गेली. बाबा कामाला बसले की घरात कुणाची शिंकायची टाप नव्हती. आणि मी कोटावर डोकं खुपसून रिकाम्या काचेला सांगतोय, मित्रांनो, आज आपण बघणार आहोत! पहिल्या गुरुवारी बघणारे दोन. एक मी स्वतः, तुझ्या भावजयीच्या फोनवरून. दुसरा इस्त्रीवाला, जो माझ्या पाठीमागे तीन हातांवर उभा होता आणि ज्याने मान वर केली असती तरी तेच फुकट दिसलं असतं.

मग मी आपल्या घराण्याला साद घातली. मावशी आली, काकू आली, मावसभाऊ आला. मावसभावाने दुनियेसमोर लिहिलं की हा तुझाच शर्ट आहे का, बगलेत उसवलाय. मावशी दर गुरुवारी सव्वाचारला विचारायची, जेवलास का. (लिहिणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर द्या, असं बाईंनी बजावलेलं. त्यामुळे मी दर गुरुवारी काम थांबवून जगाला सांगायचो की मी जेवलो.) पाचव्या आठवड्यात मावशीने काकूला तिथेच विचारलं की माझा कुकर नेलास तो कधी देणार, काकू म्हणाली तो कधीच दिला, शिट्टीशिवाय आणला होता तसा शिट्टीशिवाय दिला, आणि जी जुंपली म्हणतेस! एकोणीस माणसं झाली. परकी माणसं एकमेकांना बोलावून आणू लागली, दोघींच्या बाजू घेऊ लागली. मी मधे बिचारा एका स्वेटरचं कोपर विणत होतो, त्याच्याकडे कुत्रं बघत नव्हतं. धाकटे मालक उभ्याउभ्या खूश झाले आणि विचारते झाले की हे दर गुरुवारी होईल का. मी दोघींना आवर्जून फोन करून बोलावलं, तर त्यांचा समेट झाला होता. चार माणसांवर आलो. आपल्या माणसांचं भांडणसुद्धा नडीच्या वेळी टिकत नाही.

आता तो गुरुवार. टेबलावर दोन कोट होते. एक काळा, एका बँकेतल्या साहेबांचा, निवृत्तीच्या समारंभात घालायचा, छातीवर सिगारेटने भोक पाडलेलं. दुसरा गडद निळा, कुणा वकिलाचा. आपली रीत तुला ठाऊक आहे, बाहेरचा धागा आणायचा नाही, त्याच कपड्याच्या आत दुमडून शिवलेल्या दाबातून चार धागे ओढायचे आणि तेच भोकात विणायचे, म्हणजे रंगाचा प्रश्नच येत नाही. मी दाब उसवला, धागे ओढले, मित्रांनो मित्रांनो करत विणायला लागलो. सुरुवातीला, चारांवरून हळूहळू पुन्हा जमवलेली, एकतीस माणसं होती. दहा मिनिटांनी फोन टिंग टिंग करायला लागला. आणि मग थांबेचना! आकडा तेवढा मोठा दिसतो, तो मला वाचता येतो. साठ. नव्वद. एकशे चार. ताई, मला भरून आलं. लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं, हल्ली फोनवर अक्षरं फार बारीक काढतात, आणि वाचून दाखवणारा इस्त्रीवाला नेमका पोरीच्या शाळेत गेलेला. पण इतकी माणसं लिहितायत म्हणजे कौतुकच असणार ना? मी सुई टोचून ठेवली, हात जोडले आणि म्हणालो, तुम्ही सगळे इतकं भरभरून बोलताय, मी कसा उतराई होऊ. आणखी टिंग टिंग. मी पुन्हा हात जोडले. म्हणालो, ही कला आमच्या बाबांची, माझं काही नाही. ह्याच सुमारास तुझे फोन येत होते आणि मी ते कापत होतो. दोनशे बारा माणसांपर्यंत गेलो. दातांनी धागा तोडला आणि काळा कोट दिव्यासमोर अभिमानाने धरला.

छातीवर मध्यभागी निळा चौकोन, टपालाच्या तिकिटाएवढा.

मी निळ्याचा दाब उसवून त्याचे धागे काळ्यात विणले होते. दोनशे माणसं पंचवीस मिनिटं ओरडत होती, काका निळा, काका थांबा, काका तो दुसरा कोट, आणि काका हात जोडून बाबांना श्रेय देत होते. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून गावभर फिरवला. साहेबांच्या हातापाया पडायला गेलो, म्हटलं उसवून रात्रीत नीट करून देतो. ते म्हणाले छे छे, असाच राहू द्या, ऑफिसात सगळ्यांनी बघितलंय, आणि त्या चौकोनावर बोट ठेवून माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. सव्वीस वर्षं मी लोकांचे कपडे नवे करून दिले, ताई, एकाला माझ्याबरोबर फोटो काढावासा वाटला नाही. वकील मात्र भांडले. त्यांच्या बाजूने बरोबरच होतं, त्यांच्या कोटाचे धागे मी परस्पर दुसऱ्याला देऊन बसलो होतो.

पुढच्या गुरुवारी अकराशे चाळीस माणसं. मी जीव ओतून एका शालीचा कोपरा विणला, बाबांनी पाठीवर थाप मारली असती असा. इस्त्रीवाला वाचून दाखवायला लागला, आणि दहाव्या मिनिटाला त्याने वाचणं बंद केलं. मी दरडावलं तेव्हा म्हणाला, सगळे विचारतायत आज चूक कधी. पंधराव्या मिनिटाला तीनशे उरले, अर्ध्या तासाला चाळीस. मग धाकटे मालक आले आणि पहिल्यांदा माझ्यासमोर स्टुलावर बसले. म्हणाले, काका, खुर्ची तुमची, कायमची. फक्त आठवड्याला एक चूक करत चला. मोठी असली तर उत्तम.

आता मी दर गुरुवारी चुकतो. घरून जुनी फडकी नेतो, त्यावर लाल, पिवळं, काय हाताला येईल ते विणतो आणि अरे देवा म्हणून कपाळावर हात मारतो. लोक पोट धरून हसतात. मी त्यांच्याबरोबर हसतो, आणि घरी येऊन तुझ्या भावजयीशी एक अक्षर बोलत नाही. मला त्या सगळ्यांचा राग येतो. सगळ्यात जास्त राग आकडा नऊशेच्या वर गेला की मला बरं वाटतं त्याचा येतो. बाबा आज असते तर मी त्यांना तोंड दाखवलं नसतं.

मूळ दोष त्या गोल दिव्याचा आहे, हे मात्र तू सगळ्यांना सांग. त्या उजेडात काळं आणि निळं एकच दिसतं, कुणालाही तसंच दिसेल. माझ्या कामात खोट नाही. तुझी काही मदत मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, माझं उत्तम चाललं आहे. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना पापे, आणि फोन उचलत जा.

तुझा,
अकराशे माणसांचा धाकटा

ता. क. दिव्याचं वर लिहिलंय ते खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते. पण मी दिवा बंद करून, दुकानाबाहेर भर उन्हात उभा राहून दोन्ही कोट धरून पाहिले. तसेच दिसतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, ऑपरेशनचं नाही, चष्म्याचंही नाही, आहे तेवढं टिकवायचं. घरी फक्त बारीक अक्षरांचं सांगितलंय. तर विचारायचं होतं ते हे, की दर बुधवारी सकाळच्या बसने येशील का? दोन तासांचाच रस्ता आहे. लोकांचे खरे कपडे आपण बुधवारी करू, तू धागे ओढून दे, मी विणतो, हात अजून चांगला आहे. गुरुवारच्या फडक्यांना डोळे लागत नाहीत. मागच्या दाराने ये, मालकांना कळायला नको. इस्त्रीच्या टेबलामागे तुला कुणाला दिसणार नाही असं स्टूल ठेवतो.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. (म्हणजे आता डोळ्यांचं तिलाही कळलं. रडली, मग चिडली, मग चहा केला.) चहा देताना म्हणाली, म्हणजे ताईंना ह्याही वेळी मागेच बसवणार का? मी म्हटलं, ह्याही वेळी म्हणजे काय? ती बशी उचलून आत गेली. मला कळलं. बाबा कपड्यांचं गाठोडं घरी आणायचे, आणि तू स्वयंपाकघराच्या दारात बसून अंधुक उजेडातसुद्धा बिनचूक धागे काढून द्यायचीस. दुकानात मात्र आपल्या शेजारी मला नेऊन बसवलं, मुलगा म्हणून. डोळा तुझा होता हे बाबांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. चाळीस वर्षं मी त्यावर गप्प बसलो. चुकलो, ताई.

तेव्हा बुधवार राहू दे, गुरुवारीच ये, पुढच्या दाराने, आणि काचेजवळच्या खुर्चीवर सगळ्यांसमोर तू बस. चूक होणार नाही, म्हणून बघणारे उठून जातील, आणि महिनाभरात तिथे कपाट येईल. तेवढा एक महिना तरी तू त्या खुर्चीवर बस.