झडपेची कूस

प्रिय जावई,

'प्रिय' हा शब्द सवयीनं लिहिला गेला. खोडणार होते, पण खाडाखोड केलेला कागद मी कुणाच्या हाती देत नाही, हे तू इतकी वर्षं पाहिलं आहेस. तेव्हा राहू दे. चार दिवस तू माझा फोन उचलत नाहीस. लेक म्हणते, तो मीटिंगमध्ये आहे. चार दिवस चाललेली मीटिंग मी आयुष्यात एकच पाहिली, ती संपाची होती आणि तिच्यात बोलत मीच होते. म्हणून हे पत्र लेकीच्या हाती देते आहे. तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ती तुझ्यासमोरून हलणार नाही. माझी मुलगी आहे ती, तिच्यापुढे मीटिंगची सबब चालत नाही.

कारखान्यात तू मला मॅडम म्हणायचास, घरी आई म्हणतोस. दोघीही तुझ्यावर संतापल्या आहेत. तुमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बहिणीनं सुचवलं होतं की आता जावयाला अहो-जाहो कर. मी म्हटलं, ज्याला कानस कशी धरायची ते मी शिकवलं, त्याला कसलं अहो? आज वाटतं, तिचं ऐकायला हवं होतं. परक्या माणसावर रागावणं सोपं असतं.

गेल्या मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई, हातात स्टीलचा डबा. मी ओळखलं नाही. तिनं सांगितलं, आठ वर्षांपूर्वी त्यांच्या रुग्णालयात आपल्या पंपाचं प्रशिक्षण झालं तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. ते भाषण तुला आठवत असेल, पंप हातात धरून माझ्यामागे तूच उभा होतास. मी म्हणाले होते, हा पंप औषध स्वतःहून कधी ओतणार नाही, आणि ओतलंच तर सरळ माझ्या दारात या, जाब मी देईन. टाळ्यांनी खोली दणाणली होती. हे नेहमी म्हणायचे की टाळ्या ऐकल्या की माझी बायको वचनं वाटत सुटते. ती बाई टाळ्या वाजवून विसरली नव्हती. "मॅडम, दारात या म्हणाला होतात. आले," एवढंच बोलली आणि डब्याचं झाकण उघडलं. आत आपल्या पंपातली कॅसेट होती. अपघातानंतर तुझ्या माणसांनी पंप नेला, वायर नेली, भिंतीवरच्या प्लगचे फोटो काढले. कॅसेट मात्र कचऱ्याच्या बादलीत राहिली, कारण ती तुझ्या यादीत नव्हती. ती हिनं उचलून ठेवली.

तिनं जे सांगितलं ते तुझ्या अहवालात नाही, म्हणून लिहिते. एका बसचालकाची शस्त्रक्रिया व्हायची होती. रक्तदाब धरून ठेवणारं औषध पंपातून बारा तासांत द्यायचं होतं. सकाळी तिनं पंप तयार केला, कॅसेट बसवली, दार लावलं, नळीवरचा क्लॅम्प बंद केला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. पंप तसाच दोन दिवस कोपऱ्यात उभा राहिला. सगळ्या वॉर्डात असंच करतात. तयार करून ठेवलेला पंप पुन्हा उघडायला कुणाला वेळ असतो? तिसऱ्या दिवशी पंप सुरू केला, क्लॅम्प उघडला, पडद्यावरचे आकडे अगदी शहाण्यासारखे चालत होते, आणि अर्ध्या तासात अर्धी पिशवी त्या माणसात उतरली. हिनं धावत येऊन नळी बोटांत चिमटून धरली, डॉक्टर येईपर्यंत. सहा दिवस तो माणूस बेशुद्ध होता. आता घरी आहे, चमचा डाव्या हातानं धरतो. आणि तुझ्या अहवालात काय आहे? वापरणाऱ्याची चूक, पंप थांबलेला असताना नर्सनं क्लॅम्प उघडा ठेवला. खाली तुझी सुबक सही. बावीस वर्षं नोकरी केलेली ती बाई आज निलंबित आहे, आणि ज्या बोटांनी तिनं माणूस वाचवला तीच बोटं दोषी ठरवून तू मोकळा झालास.

मी भिंग काढलं. कॅसेटच्या रबरी पडद्यावर, बाहेर जाणाऱ्या झडपेच्या जागी, पिनचा खड्डा पडलेला होता, ओल्या मातीत टाच रुतावी तसा. तुला समजावण्याची गरज नाही, पण तू विसरल्यासारखा वागतो आहेस, म्हणून पहिल्या दिवशीचा धडा पुन्हा देते. वर औषधाची पिशवी, खाली माणसाची शीर, मध्ये तळहाताएवढी कॅसेट. कॅसेटमध्ये एक इवलीशी खोली आणि खोलीला दोन दारं. आत येण्याचं दार उघडतं, पिस्टन मागे सरकतो, खोली भरते. ते दार बंद होतं, बाहेर जाण्याचं दार उघडतं, पिस्टन पुढे येतो आणि मोजून तेवढंच औषध पुढे जातं. दार म्हणजे तरी काय, पातळ रबर आणि त्याला दाबणारी पिन. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहिली की मोटर, पिस्टन, आकडे सगळी शोभा. पिशवी आपल्या वजनानं रिकामी होते. रबर एकाच जागी दोन दिवस दाबलं तर तिथं खड्डा पडतो, मग पिन खाली येते पण दार नीट लागत नाही. हे मी तुला फळ्यावर नाही शिकवलं. आमच्या घरी शिकवलं.

हे चौदा महिने अंथरुणाला खिळले होते तेव्हाचं म्हणते आहे. तू तेव्हा जावई नव्हतास, माझ्या हाताखालचा शिकाऊ होतास. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. मला आणि लेकीला ते पेलत नसत. तू जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत यायचास, त्यांना वळवायचास आणि चार घास खाऊन परत जायचास. लेकीनं तुला तिथंच पाहिलं. बाकी शब्द त्यांच्या तोंडून गेले होते, शिव्या तेवढ्या शाबूत होत्या. दुखलं की ते तुला अशा शिव्या घालायचे की मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड लपवून हसायची. आणि तू शांतपणे म्हणायचास, "बाबा, शिव्या द्या, पण वळा." त्याच महिन्यांत माझ्या टेबलावर या पंपाचा आराखडा होता आणि रबर खड्डा धरतं यावर काही केल्या उत्तर सापडत नव्हतं. एका दुपारी तुला त्यांना वळवताना पाहिलं आणि उत्तर सापडलं. पंप थांबलेला असला तरी दर अर्ध्या तासानं झडपांनी कूस बदलायची. आधी आत येण्याच्या दाराची पिन खाली, मग बाहेर जाण्याच्या दाराची उचलायची. पुढच्या अर्ध्या तासानं उलट. एक ना एक दार सतत बंद, पण कोणत्याच जागी भार कायमचा नाही. कारखान्यात त्याला सगळे कूसच म्हणू लागले. मशीनला लावलेलं माझ्या घरातलं तेवढं एकच नाव.

ती कूस तू काढलीस. का, तर वॉर्डातून तक्रार आली की बंद पंप अर्ध्या अर्ध्या तासानं टक् असा आवाज करतो, आणि बॅटरी लवकर उतरते. काढण्याआधी तू सहा हजार चाचण्या घेतल्यास. तुझी वही मी पाहिली आहे, मोत्यासारखं अक्षर. प्रत्येक चाचणीला नवी कोरी कॅसेट. अरे शहाण्या, नव्या कॅसेटवर खड्डा कुठून सापडणार? नुकत्याच झोपलेल्या माणसाच्या पाठीला जखमा शोधल्यास तू, त्याही सहा हजार वेळा. बसवून ठेवलेला, विसरलेला, कोपऱ्यात उभा असलेला पंप तू एकदाही तपासला नाहीस. आज असे तीनशे चाळीस पंप वॉर्डावॉर्डात उभे आहेत, आणि तुझा अहवाल सांगतो की काळजीचं कारण नाही. मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले की यंत्र खोटं बोलत नाही, माणूस त्याच्या तोंडून खोटं बोलतो. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मालक असायचे. आपल्याच घरात जेवणारा माणूस असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

इथवर वाचून तू मनात म्हणत असशील की आई एक गोष्ट सोयीस्करपणे गाळते आहे. गाळत नाही. नवी कॅसेट घे, जुन्या-नव्याची भेसळ नको, हा नियम तुला मीच शिकवला. आराखड्यात 'दर अर्ध्या तासानं झडपा बदलाव्यात' एवढंच लिहिलं, कशासाठी ते लिहिलं नाही. यांच्या पाठीवरून सुचलं, हे कंपनीच्या कागदावर लिहायला मला अवघड वाटलं. ज्या नियमाचं कारण लिहिलेलं नसतं, तो पुढच्या माणसाला अडगळ वाटतो. एवढी पुस्तकं वाचली, एवढं मला कळायला हवं होतं.

नर्सेसच्या युनियनला चौकशीची जी फाइल मिळाली ती त्या बाईनं मला दाखवली. पंपातल्या बदलांचे कागद, क्रमांक एक, दोन, तीन आणि मग एकदम पाच. चौथा नाही. चौथा म्हणजे कूस काढण्याचा कागद. मला वाटलं, तू स्वतःची कातडी वाचवलीस. लेकीला तसं तोंडावर म्हणालेही. ती रडली नाही, माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, त्यानं ते तुझ्यासाठी केलंय." मग मला ती दुपार आठवली. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून माझी सही लागायची, तो कागद घेऊन तू घरी आला होतास. मी दुसऱ्या दिवशीचं भाषण घोकत होते. विषय होता, सहीची जबाबदारी. हसू नकोस. तू दोनदा म्हणालास, आई, दुसरं पान वाचा, कूस काढतो आहे. मी म्हणाले, तू लिहिलंस ना, मग वाचायचं काय, आणि सही ठोकली. ती सही कुणाला दिसू नये म्हणून तू कागद काढलास आणि कागद नाही म्हणून नर्सला पुढे केलंस. माझं नाव राखायला तिचं नाव घालवलंस. असली माया मला नको. कुणाच्या पोटावर पाय देऊन माझ्या पाया पडू नकोस.

माझी प्रत माझ्या कपाटात आहे. उद्या अकरा वाजता चौकशी आहे, मी तिथं त्या बाईशेजारी बसणार आहे, हातात तिचा डबा आणि माझी प्रत. पहिली सही माझी वाचीन, मग तुझी. हे पत्र तुला धमकावायला लिहिलेलं नाही, धमकावायचं असतं तर फोनवरच केलं असतं आणि तू उचललाही नसतास. चौथा कागद मी टेबलावर ठेवण्याआधी तो तू ठेवावास, तुझ्या हातानं, म्हणून एक रात्र आधी लिहिते आहे. ते तीनशे चाळीस पंप जिथं जिथं आहेत त्या वॉर्डांना निरोप आजच पाठव, पंप थांबला की कॅसेट काढा. तो उद्यावर टाकलास तर मी तुझी कुणी नाही. दुखेल. तुझी खुर्ची जाईल, माझं नाव जाईल, लेक दोघांवर रागावेल. मला काय हव्या त्या शिव्या दे, मी स्वयंपाकघरात जाऊन हसणार नाही, समोर बसून ऐकेन. शिव्या दे, पण वळ.

तुझीच,
चौथ्या कागदावर न वाचता सही केलेली,
आई