पापणी आणि चिमटा

ता. ४ जून

चि. घारूस,
दादाचे अ. उ. आ.

आईचं पापण्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, जखम नीट भरली, हे वाचून जीव भांड्यात पडला. डोळ्यांच्या खुपऱ्या घालवायला गावात आलेल्या त्या पथकाचे उपकार कसे फेडायचे, सांग. घरोघर औषध दिलं, पोरांना तोंड धुवायची सवय लावली, आणि आईसारख्यांच्या आत वळलेल्या पापण्याही सरळ केल्या.

आता मुद्द्याचं. आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात एक जागा रिकामी आहे. मालकांना मी सांगितलं, माझी धाकटी बहीण वयाच्या नवव्या वर्षापासून दर तिसऱ्या दिवशी आईच्या डोळ्यात टोचणारे केस चिमट्याने उपटते आणि बुबुळाला धक्का लागू देत नाही. ते म्हणाले, असा हात शोधून सापडत नाही, पंधरा तारखेपर्यंत थांबतो. त्या चिमट्यापायी तुझी शाळा सुटली आणि मी मात्र शिकलो, हे मला अजून सलतं. ये बाई लवकर.

तुझ्यावर हुकूम सोडणारा, पण मनातून तुझाच,
दादा


ता. ७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. मग भानावर आले. मला यायचंय रे, पण येता येणार नाही.

का ते लिहिते, पण आईला सांगू नकोस. तिला अजून टोचतंय. दर तिसऱ्या सकाळी ती दारात उजेडाला बसते, हनुवटी वर करते आणि म्हणते, बघ गं, डावीकडे एक आहे. मी बघते तर काहीच दिसत नाही! तिला टोचतं म्हणजे केस असणारच. म्हणजे माझीच नजर चालली. लहानपणी खुपऱ्या मलाही झाल्या होत्या. मी नुसता चिमटा फिरवते आणि निघाला म्हणते. तिला लगेच बरं वाटतं. असल्या डोळ्यांनी घड्याळं उघडून तुझं नाक कापू का?

बाकी गल्ली ओळखू येणार नाही तुला. शिंपीणकाकू ऑपरेशननंतर पुन्हा मशीनवर बसल्या, काजंसुद्धा करतात. त्यांची नात आता आजीच्या पापण्यांसाठी घरी थांबत नाही, शाळेत जाते. तिला दप्तर घेऊन जाताना बघते आणि फार बरं वाटतं. थोडं रडूही येतं.

माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
नावापुरती घार


ता. १० जून

चि. घारूस,
दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मला घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून वाचावं लागलं, इतकं बारीक अक्षर! नजर गेलेल्या माणसाचं असं असतं होय? दोघी मिळून नर्सबाईंकडे जा. मालकांना मी धरून ठेवलंय.

काळजीत असलेला,
दादा


ता. १४ जून

चि. बाळास,
आईचे अ. उ. आ.

अक्षराला हसू नकोस. चौदा वर्षांनी स्वतःच्या हाताने लिहिते आहे.

परवा नर्सबाईंनी दोघींच्या पापण्या उलटून पाहिल्या. म्हणाल्या, लेकीची नजर एकदम चोख आहे आणि तुमच्या डोळ्यात टोचणारा एकही केस नाही. खुपऱ्या तर या वस्तीत आता औषधालाही उरल्या नाहीत. मग मला खरं सांगावंच लागलं.

टाके निघाल्यापासून मला काही टोचत नव्हतं. पण पोर माझी हनुवटी धरून समोर बसायची, चार गोष्टी बोलायची. डोळे बरे झाले की ती जाणार, हे मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. चौदा वर्षं माझ्यापायी घालवली तिने, आणि मी तिला आणखी अडकवून ठेवलं. त्यात तिला वाटलं, आपणच आंधळ्या होतोय! मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

काल दिवसभर ती माझ्याकडे पाठ करून घर आवरत होती. आज सकाळी दारात स्टूल ठेवून म्हणाली, बस. हनुवटी धरून दोन्ही डोळे पाहिले, चिमट्याला हात न लावता. म्हणाली, स्वच्छ आहेत. आणि बॅग भरायला घेतली.

हे पत्र तीच आणते आहे, पंधरा तारीख चुकायची नाही. चिमटा मी तिच्या बॅगेत टाकलाय, तुमच्या कामाला होईल. बरं करणाऱ्यांचं देव भलं करो.

माझी काळजी करू नका. तू गेलास तेव्हा मला दारातच धूसर झालास. उद्या ती निघाली की गल्लीच्या टोकापर्यंत मला दिसेल.

दोघं भांडा, पण एकत्र जेवा.
तुमची,
आई